फडातल्या ज्येष्ठ कलावंताचा मानधनाचा अर्ज कसा भरायचा

माझ्या आप्पांनी तमाशाच्या फडात तीस वर्षं ढोलकी वाजवली. त्यांचा मानधनाचा अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण आधारवर एक नाव होतं आणि फडात दुसरंच. तेव्हापासून आमच्या जुन्नर तालुक्यातल्या कलावंतांचे अर्ज मी शेजारी बसून भरून देते.

योजनेचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. २०२४ पासून महिन्याला सरसकट ५,००० रुपये मिळतात. वय ५० पूर्ण हवं (दिव्यांगांना ४०), कलेत किमान १५ वर्षं झालेली हवीत, वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत हवं आणि दुसरी सरकारी मासिक पेन्शन चालू नको. कुठे अडलं तर पंचायत समितीत समाजकल्याणच्या टेबलावर विचारा.

आधार, रहिवासी दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हे कागद निघतात. खरं अडतं ते कलेच्या पुराव्यापाशी. फडातल्या माणसाला प्रमाणपत्र कोण देणार? म्हणून घरातली पेटी उघडा. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन यात्रेची सुपारी ठरवतात, इसार देतात. त्या करारांचे कागद, हँडबिलं, वर्तमानपत्रातली कात्रणं, आकाशवाणीचं पत्र, फडमालकाचा सही-शिक्क्याचा दाखला, जे असेल ते काढा. आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत, ढोलकीच्या तुटक्या दोऱ्यांखाली, एक गुलाबी हँडबिल सापडलं. घडीवर विरलेलं, पण गावाचं नाव, यात्रेची तारीख आणि ढोलकीवाल्याचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. असा कागद चिकटवायला किंवा लॅमिनेट करायला जाऊ नका. उजेडात सपाट ठेवून फोटो काढा. पुरावे वर्षांप्रमाणे लावा, म्हणजे १५ वर्षं एका नजरेत दिसतात.

नावं दोन असतील तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून जोडा. आमचे सहा महिने याच एका कागदापायी गेले. जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांचीच निवड होते, तेव्हा फाईल पहिल्या खेपेलाच पक्की हवी. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही बघून घ्या.

जे अजून कार्यक्रम करतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. लोककलेच्या किंवा शास्त्रीय कलेच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. संस्थेनं १० टक्के टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) कापला, तर उत्पन्न करपात्र नसलं तरी आयकराचं विवरणपत्र भरा, पैसे परत मिळतात. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात, म्हणून सुपारी घेतानाच पॅन द्या.

मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला चुकवू नका. कलावंत गेल्यावर मानधन जोडीदाराला मिळतं. आप्पांच्या माघारी ते आता आईला येतं. रेशनकार्डावर आणि आधारवर नवराबायकोची नावं जुळतात का, हे आजच ताडून बघा.