घरची फुलं, घरचं उटणं: पदवीच्या सोहळ्याची तयारी तारखेपासून मागे मोजत कशी करावी

कॉलेजच्या ग्रुपवर पदवीप्रदान समारंभाची तारीख पडली की घरात पहिली चर्चा कपड्यांची होते. कपड्यांचं एवढं काही नसतं. ठाण्यात राम मारुती रोडवर एक संध्याकाळ घालवली की प्रश्न मिटतो. झेंडूचं तसं नाही. जांभळी नाक्यावर तो किलोने मिळतो, पण आपल्या गॅलरीत फुललेला हवा असेल तर दीड-दोन महिने द्यावे लागतात आणि पैसे टाकून ते कमी होत नाहीत. चेहऱ्याचंही तेच. आदल्या रात्री थापलेल्या लेपाने उजळपणा येत नाही, पुरळ मात्र येऊ शकतं. म्हणून या सोहळ्याची तयारी तारखेपासून उलटी मोजत करायची.

आता अडचण अशी की कॉलेजं तारीख फार आधी सांगत नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे: शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की बी पेरून टाका. फुलं सोहळ्याच्या आधी आली तरी बिघडत नाही. कोमेजलेली फुलं खुडत राहिलं की झेंडू पुढे कितीतरी आठवडे नवी फुलं देत राहतो.

दोन महिने आधी: गॅलरीतला झेंडू

पेरण्याआधी ऊन पाहा. झेंडूला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. सोहळा हिवाळ्यात असेल तर लक्षात घ्या, डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेकडच्या गॅलरीत तेव्हा ऊन पार आतपर्यंत येतं, उत्तरेकडच्या गॅलरीत जवळजवळ येतच नाही. घोडबंदर रोडला किंवा खारघरला समोर दुसरा टॉवर उभा असेल तर एका सुट्टीच्या दिवशी नीट बघून ठेवा, ऊन कुठल्या कठड्यावर किती वेळ टिकतं ते. उत्तरेची गॅलरी असेल तर झेंडूचा हट्ट सोडा, सरळ पुढच्या टप्प्यातल्या मनी प्लांटकडे वळा.

कुंडीसाठी मोठा आफ्रिकन झेंडू घेऊ नका. तो उंच वाढतो, वाऱ्याने आडवा होतो, काठीचा आधार मागतो. लहान फुलांचा मखमल झेंडू बरा. आठ इंची कुंडीत मावतो आणि साधारण ४५ ते ६० दिवसांत फुलतो. बी विकत घ्या, नाहीतर दसऱ्याच्या तोरणातली पूर्ण सुकलेली फुलं उकला. आत काळ्या बारीक काड्यांना पिवळट शेपटी असते, तेच बी. त्यातलं सगळं उगवत नाही आणि बाजारातला झेंडू बहुतेक संकरित असल्याने फूल मूळ फुलासारखंच येईल असंही नाही. पण फुकटचं बी आहे, मूठभर पेरा.

माती अशी करा: दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत. नुसती लाल माती दोन-चार पाण्यांनंतर विटेसारखी घट्ट बसते, कोकोपीटने ती मोकळी राहते. बी अर्धा सेंटिमीटरहून खोल नको. चार ते सात दिवसांत कोंब दिसतात. पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की शेंडा नखाने खुडून टाका. जीवावर येतं, पण न खुडलेलं रोप एकच दांडा धरून उंच जातं आणि खुडलेल्याला बाजूने फांद्या फुटतात. जितक्या फांद्या तितकी फुलं. खताचा मारा करू नका, जास्त खताने नुसता पाला माजतो.

पाणी बुंध्याशी घाला, फुलांवर नाही. कुंडीखाली ताटली हवीच. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर मातीचं पाणी टपकलं की सोसायटीच्या पुढच्या मीटिंगचा विषय तुमची बाग असते. मावा ही बारीक कीड दिसली तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालून नीट हलवा आणि ऊन उतरल्यावर फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. चार कुंड्यांच्या मखमलीत दाराचं तोरण होत नाही. औक्षणाचं ताट, केसात माळायला दोन-चार फुलं आणि टेबलावरचा वाडगा, एवढं नक्की होतं. तोरणाचा झेंडू जांभळी नाक्यावरूनच आणा, त्यात कमीपणा काही नाही. दोन महिने हातात नसतील तर नर्सरीतून कळ्या धरलेली शेवंती घ्या. शेवंतीला कळ्या धरायला लहान दिवस आणि लांब रात्री लागतात, त्यामुळे थंडीत ती ऐन भरात असते.

महिनाभर आधी: करवंटीतली रोपं

येणाऱ्यांच्या हाती काहीतरी द्यायची पद्धत आता घरगुती कार्यक्रमातही आली आहे. प्लॅस्टिकचा डबा देण्यापेक्षा घरचं रोप द्या. रोज नारळ खोवला जातो अशा घरात महिन्याभरात भरपूर करवंट्या जमतात. डोळ्यांच्या बाजूची अर्धी करवंटी निवडा. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो जाड सुईने किंवा स्क्रूड्रायव्हरने सहज फुटतो आणि पाणी जायला आयतं भोक मिळतं.

मनी प्लांटची फांदी पेराच्या जरा खाली कापा, जिथे तपकिरी गाठीसारखं मूळ डोकावतं ती पेर पाण्यात बुडेल अशी ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळं सुटली की करवंटीत लावा. कोरफडीच्या बुंध्याशी आलेली पिल्लं त्याहून सोपी. मुळासकट वेगळी करा, एक-दोन दिवस सावलीत ठेवून कापलेली जागा सुकू द्या, मग लावा आणि पाणी जपून घाला. मनी प्लांट देताना मात्र घरात मांजर किंवा रांगतं मूल आहे का विचारा. त्याचं पान चघळलं तर तोंडाची आग होते.

आठवडा आधी: उटणं आणि केस

इथे घाई सगळ्यात महागात पडते, म्हणून जरा सविस्तर.

मसूर डाळीचं बारीक पीठ चार चमचे, मुलतानी माती दोन चमचे, आंबेहळद एक चमचा, वाळा आणि नागरमोथ्याची पूड मिळून एक चमचा, सावलीत सुकवलेल्या गुलाबपाकळ्यांची पूड एक चमचा. काष्ठौषधींच्या दुकानात यातलं सगळं मिळतं. पण आणल्यावर वस्त्रगाळ करायला विसरू नका. बोटांच्या चिमटीत धरून चोळल्यावर कण लागला, तर तोच कण गालावर ओरखडा काढणार. अंघोळीच्या उटण्याला थोडी भरड चालते, चेहऱ्याला नाही. त्वचा कोरडी असेल तर मुलतानी माती वगळा आणि दुधात किंवा सायीत कालवा; तेलकट असेल तर गुलाबपाण्यात किंवा पातळ ताकात.

आंबेहळदच का? स्वयंपाकाची हळद त्वचेवर पिवळी झाक सोडते आणि फोटोत ती कावीळ झाल्यासारखी दिसते. आंबेहळदीचा रंग फिका, वास कैरीसारखा, आणि ती सहज धुतली जाते.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहा. खाज, लाली, पुरळ यातलं काहीही आलं तर ते मिश्रण चेहऱ्याला नको. घरचं आहे म्हणून सगळ्यांना सोसेल असं नसतं. सगळं ठीक असेल तर आठवड्यात दोनदा लावा, शेवटचं सोहळ्याच्या तीन दिवस आधी. लेप पूर्ण सुकून तडकेपर्यंत थांबू नका, ओलसर असतानाच कोमट पाण्याने भिजवून हलक्या हाताने काढा. तडकलेला लेप खरवडताना चेहरा ताणला जातो आणि लाल होतो. बेसिनच्या तोंडाशी जाळी ठेवा, डाळीचं पीठ पाइपात जाऊन बसलं की प्लंबरला बोलवावं लागतं.

दोन गोष्टी चेहऱ्याला मुळीच लावू नका. एक, लिंबाचा रस. तो चांगलाच आम्लधर्मी असतो, आणि लिंबू लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखं होऊन काळे डाग पडू शकतात, ते महिनोन्महिने जात नाहीत. दुसरा, खायचा सोडा. त्वचा स्वभावाने किंचित आम्लधर्मी, सोडा अल्कधर्मी. दोघांचं पटत नाही.

कोरफडीचा गर लावणार असाल तर पान कापल्यावर कापलेली बाजू खाली करून पंधरा मिनिटं उभं ठेवा. पिवळट कडू चीक निथळून जातो. खाज येते ती बहुधा त्या चिकामुळे, गरामुळे नाही.

केसांसाठी जास्वंदीची दहा-बारा पानं थोड्या पाण्यात कुस्करा. हात बुळबुळीत होईपर्यंत कुस्करायचं, मग गाळायचं. केस धुतल्यावर हे पाणी पाच मिनिटं लावून ठेवून धुवा, गुंता सहज सुटतो. गाळायचा कंटाळा केलात तर पानांचे बारीक तुकडे दोन दिवस केसांतून निघत राहतील. ओठांना रात्री साजूक तूप. बिटाचा रस तुपात घालून घरचा लिप बाम करायचा सल्ला ऐकून वेळ घालवू नका. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, तुपात नाही, त्यामुळे डबीच्या तळाशी लाल पाणी आणि वर पांढरं तूप असं दिसतं. रंग हवा तर लिपस्टिक लावा. मेंदी लावणार असाल तर दोन दिवस आधी, कारण ती पुढच्या एक-दोन दिवसांत गडद होत जाते. लगेच काळी होणारी मेंदी म्हणजे केसांच्या डायचं रसायन असू शकतं; हातावर फोड येतात.

आदली संध्याकाळ

फ्लॅटचं दार साधारण तीन फुटांचं. पाच सेंटिमीटरचं फूल धरलं तर सरळ ओळीला १८ फुलं लागतात, मध्ये झोळ हवा असेल तर २५ आणा. जाड दोरा, दाभण, आणि सुई देठाच्या बाजूने घालून फुलाच्या मधोमध काढायची. पाकळ्यांतून ओवलेलं फूल सकाळपर्यंत मान टाकतं. दर दोन-तीन फुलांमागे आंब्याचं एक पान दुमडून घाला. तयार तोरण ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवा.

गाऊन भाड्याचा असेल तर तो बहुधा पॉलिस्टरचा असतो. त्यावर सुती कापड टाकून, इस्त्री कमी तापवून फिरवा. गळ्यातला हूड मागे सरकून गळा आवळतो, तो पुढून शर्टच्या बटणात किंवा ब्लाउजला सेफ्टी पिनने अडकवा. टोपी असेल तर अंबाडा मानेशी, खाली घाला. उंच अंबाड्यावर टोपी बसत नाही. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या दीक्षान्त सभागृहात जायचं असेल तर ठाण्याहून फास्ट लोकलनेही पाऊण-एक तास लागतो, म्हणून गजरा डब्यात घ्या आणि सीएसएमटीला उतरल्यावर माळा.

त्या दिवशी

औक्षण निघण्याआधी उरका, आणि गाऊन न घालता. पॉलिस्टरची रुंद बाही आणि पेटतं निरांजन एकत्र नको. पाटाभोवती छोटी रांगोळी, पाटावर बसणाऱ्याचं तोंड पूर्वेला. ताम्हणात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, कडेने आपली मखमल. कुंकवाचा टिळा, डोक्यावर अक्षता, सुपारी आणि अंगठी ओवाळून मग निरांजन, शेवटी पेढा. आजी असेल तर पहिला मान तिचा, आजोबा असोत वा नसोत. ‘तू नको, सुवासिनींनी करायचं’ असं कुणी पुटपुटलंच, तर ताम्हण उचलून तिच्या हातात द्यायचं आणि पुढे बोलायचं नाही.

फोटोसाठी ठाण्याची तलावपाळी किंवा वाशीचं सागर विहार, दोन्ही ठिकाणी सकाळी नऊच्या आत. नंतर ऊन डोक्यावर येतं आणि डोळ्यांखाली सावल्या पडतात. जेवणाचं फार करू नका: मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि विकतचं श्रीखंड. घरी आधीच एवढी कामं आहेत. पुऱ्यांसाठी मावशीला बोलवा, नाहीतर मसालेभातावरच भागवा.

कार्यक्रमाहून आल्यावर पदवी प्रमाणपत्र देवापुढे ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. ठेवा, पण प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, कारण कुंकवाचं बोट कागदावर उमटलं की निघत नाही. आणि उत्साहाच्या भरात दुसऱ्याच दिवशी ते लॅमिनेट करून आणू नका. परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी साक्षांकन करताना शिक्का मूळ कागदावर मारतात, त्यामुळे लॅमिनेट केलेला कागद अडतो. चांगलं स्कॅन करून घ्या, दोन-चार झेरॉक्स काढा, मूळ प्रत फाइलमध्ये सपाट ठेवा आणि भिंतीवर लावायची असेल तर रंगीत प्रत फ्रेम करा.