कॅलिफोर्नियात घराच्या एका लॉटचे दोन कसे करायचे : आधी कागद, मग नकाशा, मग घर

सॅन होजे, सनीवेल, फ्रीमाँटकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वी घर घेतलेली आपली मराठी मंडळी जमली की हल्ली हा विषय निघतोच, मागचं अंगण एवढं मोठं पडलंय तर लॉटचे दोन भाग करून मागे एक घर बांधून विकलं तर काय हरकत आहे? करता येतं. एसबी ९ नावाचा कायदा गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये सही केला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे, सिंगल-फॅमिली झोनमधल्या (एका लॉटवर एकच घर अशा भागातल्या) लॉटचे दोन करता येतात आणि प्रत्येकावर दोन घरं बसतात. अर्ज नियमात बसत असेल तर सुनावणी नाही, शेजाऱ्याला आवडलं नाही म्हणून सिटी अडवू शकत नाही. २०२५ पासून तर पूर्ण अर्ज पोचल्यावर ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर तो मंजूर धरला जातो.

पण पैसे नकाशात सुटतात आणि कागदात अडकतात, म्हणून मी सांगेन त्याच क्रमाने जा.

१. लॉट बसतो का ते बघा

घर हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये (जपायची म्हणून ठरवलेल्या जुन्या वस्तीत) असेल तर विषय तिथेच संपू शकतो, आधी सिटीला विचारा. मागच्या ३ वर्षांत भाडेकरू राहिलेलं घर पाडून हे करता येत नाही. आणि तुमच्याकडे एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर त्यांची सीसी अँड आर (सोसायटीची नियमावली) काढून नीट वाचा, त्यात लॉट तोडायला मनाई असेल तर सिटी हो म्हणाली तरी एचओए आडवी येऊ शकते. हे शेवटी कळलं तर सर्व्हेअरचे पैसे पाण्यात.

२. जागा खरोखर मोजून घ्या

लहान तुकडा मूळ लॉटच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही आणि दोन्ही तुकडे साधारण १,२०० चौरस फुटांच्या वर हवेत. म्हणजे ६,००० चौरस फुटांचा लॉट असेल तर मागचा भाग किमान २,४००. शिवाय मागच्या लॉटला रस्त्यापर्यंत वाट लागते, ती बहुतेक वेळा जुन्या घराच्या बाजूने पट्टी काढून द्यावी लागते, आणि पट्टी किती रुंद हे सिटी आणि फायर डिपार्टमेंटला आधीच विचारा कारण तिथेच बरेच लॉट बाद होतात. नवीन घराला बाजूने आणि मागून ४ फुटांपेक्षा जास्त मार्जिन सिटी मागू शकत नाही, जुनं घर आहे तिथेच ठेवलं तर त्याला तेही लागत नाही.

कुंपणावरून मोजू नका! मी टेप घेऊन कुंपण ते कुंपण मोजलं होतं आणि त्यावर सगळा हिशोब मांडला होता, मग सर्व्हेअर आला, मेटल डिटेक्टर फिरवत लिंबाच्या झाडाखाली थांबला, खुरप्याने माती उकरली आणि जुना लोखंडी पाइप निघाला, खरी हद्द ती होती, कुंपण दीड फूट शेजाऱ्याच्या बाजूला गेलेलं. त्या दीड फुटात आमची वाटेची पट्टी गेली आणि पूर्ण नकाशा परत काढावा लागला.

३. तीन वर्षांची सही

मंजुरीपासून किमान ३ वर्षं यातल्या एका घरात स्वतः राहायचा इरादा आहे असं शपथपत्र द्यावं लागतं. म्हणून एलएलसीच्या (कंपनीच्या) नावावर घेऊन सहा महिन्यांत विकायचा विचार असेल तर ही वाट तुमच्यासाठी नाही. आणि खोटी सही तर अजिबात करू नका. एकदा तोडलेला लॉट याच कायद्याने परत तोडता येत नाही, लगतचा लॉट तुम्हीच एसबी ९ खाली तोडला असेल तर हाही तोडता येत नाही.

४. बँकेला फोन, अर्जाच्या आधी

मॉर्गेज पूर्ण लॉटवर असतं. मागचा तुकडा मोकळा करायला लेंडरकडून पार्शल रिलीज (तेवढ्या भागावरचा बोजा उतरवल्याचा कागद) लागतो, लेंडर परत अप्रेझल (घराची किंमत ठरवणं) मागतो, काही लेंडर सरळ रिफायनान्स (नवीन कर्ज घेऊन जुनं फेडणं) करा म्हणतात, आणि तुमचा दर २०२१ चा तीन टक्क्यांच्या आसपासचा असेल तर तो सोडून मिळणारा नफा हा नफाच राहत नाही कदाचित. माझ्या मते निम्मे लोक इथेच थांबायला हवेत.

५. पार्सल मॅप

पार्सल मॅप म्हणजे दोन नव्या लॉटचा अधिकृत नकाशा. लायसन्स्ड सर्व्हेअर टेंटेटिव्ह (कच्चा) मॅप करतो, मंजुरीनंतर फायनल पार्सल मॅप काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवायचा. नोंद होईपर्यंत मागचा लॉट विकता येत नाही. पाणी, वीज, ड्रेनेजच्या इझमेंट (दुसऱ्याच्या जागेतून लाइन न्यायचे हक्क) याच नकाशात येतात, मागचं ड्रेनेज पुढच्या अंगणाखालून जाणार असेल तर ते आत्ताच कागदावर घ्या.

६. बांधायचं की नुसती जागा विकायची

घर बांधलं तर इम्पॅक्ट फी (नव्या घराचा रस्ते, पार्क वगैरेंवर पडणारा भार म्हणून सिटी घेते ती), शाळेची फी, नवीन कनेक्शन, सगळं धरा. नुसतं भाडंच हवं असेल तर ७५० चौरस फुटांच्या आतलं एडीयू (त्याच लॉटवरचं जोडीचं छोटं घर) बघा, त्याला इम्पॅक्ट फी नाही आणि लॉटही तोडावा लागत नाही. एसबी ९ चं घर ३० दिवस किंवा त्याहून कमी मुदतीने भाड्याने देता येत नाही, एअरबीएनबीचा विचार सोडा.

आता टॅक्स, हे नीट वाचा. मागच्या ५ वर्षांतली २ वर्षं घरात राहिलेल्या नवरा-बायकोला घर विकल्यावर ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर फेडरल कर नाही. मागची मोकळी जागा वेगळी विकली तर तिला ही सूट तेव्हाच, जेव्हा घर आणि जागा एकमेकांच्या २ वर्षांच्या आत विकली जातात. आणि तुम्ही तर ३ वर्षं राहायची सही केलीय. म्हणजे मंजुरी मिळाल्या मिळाल्या जागा विकली, सहीप्रमाणे ३ वर्षं राहून घर विकलं, की २ वर्षं उलटलेली, जागेच्या नफ्यावर कर लागला. पुढे घर विकायचंच असेल तर जागा मंजुरीनंतर निदान सव्वा वर्ष थांबून विका, म्हणजे दोन्ही व्यवहार एकाच मुदतीत बसतात. घर बांधून विकलंत तर ही मोकळ्या जागेची सूट नाहीच, उलट तो धंद्याचा नफाही धरला जाऊ शकतो. त्यामुळे सर्व्हेअरला पहिला चेक द्यायच्या आधी सीपीएकडे (टॅक्स बघणाऱ्या अकाउंटंटकडे) तासभर बसा, मॉर्गेजचे कागद आणि घर घेतानाची एस्क्रोची (खरेदीच्या व्यवहाराची) फाइल बरोबर न्या.