'ह्या भायल्यांना (बाहेरून आलेल्यांना) हाकला' असं कोणी लिहिलं तर खाली काय लिहायचं

गोव्यात कुठल्याही बातमीखाली जाऊन बघा, अपघाताची असो, चोरीची असो नाहीतर डोंगर कापल्याची, तिसऱ्या-चौथ्या कमेंटपर्यंत घाटी, बिहारी, लमाणी, नायजेरियन यातलं काहीतरी येतंच. पोलिसांनी अजून कोणाला धरलेलं नसतं पण कमेंटमध्ये निकाल लागलेला असतो. आणि आपण मराठी वाचणारे-लिहिणारे तर यात दोन्हीकडून अडकलेले, म्हंजे राजभाषा कोंकणी की मराठी हा विषय निघाला की आपल्याला 'चालते व्हा महाराष्ट्रात' ऐकवलं जातं आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच फॅमिली ग्रुपवर एखादे काका कर्नाटकातून आलेल्या मजुरांबद्दल तसंच काहीतरी फॉरवर्ड करतात आणि खाली पाच जण अंगठे देतात. तर अशा वेळी नेमकं काय करायचं, मला जे उपयोगी पडतं ते सांगतो.

आधी लिहिणारा कोण ते बघा. ओळखीचा माणूस असेल तर ग्रुपवर भिडू नका, चार लोकांसमोर काका कधीच मागे हटत नाहीत, उलट अजून दोन फॉरवर्ड टाकतील. सरळ फोन करा किंवा वेगळा मेसेज टाका, 'काका, ते मघाचं काढाल का, आपल्याकडे काम करणारे लोकही हल्ली सगळं वाचतात, बरं नाही दिसत.' बहुतेक वेळा गुपचूप डिलीट होतं. अनोळखी पण खरा माणूस असेल, म्हंजे प्रोफाइलवर फोटो, गाव, मुलाच्या मुंजीचा अल्बम वगैरे, तर त्याला उत्तर द्यायला अर्थ आहे. आणि ज्याच्या प्रोफाइलवर काहीच नाही, नाव 'निज गोंयकार' (अस्सल गोवेकर) आणि दिवसभर पंचवीस पोस्टींखाली तीच शिवी, त्याला रिपोर्ट मारा आणि पुढे चला. त्याला तुमचा रिप्लायच पाहिजे असतो, रिप्लाय मिळाला की त्याची कमेंट वर येते.

आता मुख्य मुद्दा. गोव्यातल्या अशा बहुतेक कमेंटींत एक खरी तक्रार असते आणि तिच्यावर एक जमात चिकटवलेली असते. जमिनीचे भाव आवाक्याबाहेर गेले हे खरंच आहे, भाड्याच्या गाड्या बेफाम चालवल्या जातात हे खरं आहे, शेतजमीन भरून बंगले उठतात हेही खरं आहे. आपण जर 'तू रेसिस्ट आहेस' एवढंच लिहिलं तर तो माणूस म्हणतो बघा, ह्यांना गोव्याचं काही पडलेलं नाही, आणि वाचणारे त्याच्या बाजूने जातात. म्हणून तक्रार ठेवायची आणि जमात काढायची. उदाहरणार्थ कोणी लिहिलं, 'दिल्लीवाल्यांनी आमचो गोंय विकत घेतलो', तर खाली लिहा, 'बरोबर, पण विकली कोणी? शेतजमिनीचा झोन कोणी बदलला? सेल डीडवर सह्या आपल्याच माणसांच्या आहेत ना, पात्राव (साहेब)?' याला उत्तर द्यायचं तर त्याला टीसीपी (नगर नियोजन खातं), पंचायत, दलाल यांच्यावर बोलावं लागतं, आणि तिथे चर्चा जमिनीवर येते, माणसाच्या जातकुळीवर राहत नाही. 'घाटी लोक कचरा करतात' याच्या खाली विचारा की त्या चाळीत पंचायतीची कचऱ्याची गाडी येते का, आणि त्या चाळीचं भाडं दर महिन्याला घेणारा मालक कुठला. हे विचारताना टोमणा नको हं, खरंच माहिती पाहिजे असल्यासारखं विचारा.

तसं हे सगळीकडे लागू पडत नाही. काही कमेंटींत तक्रार नसतेच, नुसता द्वेष असतो, 'ह्यांना ठोकलं पाहिजे' टाइप. तिथे प्रश्न विचारत बसू नका, ते थेट रिपोर्ट करायचं, आणि त्याआधी स्क्रीनशॉट घ्यायचा (त्याबद्दल खाली).

आफ्रिकन लोकांच्या बाबतीत आपल्याकडे हे किती पटकन पेटतं ते 2013 मध्ये दिसलं. ऑक्टोबरच्या शेवटी पर्रा भागात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या लोकांनी पर्वरीला हायवे अडवला, आणि मग चर्चा खुनाची राहिलीच नाही, सगळी चर्चा 'नायजेरियन म्हणजे ड्रग्ज' अशी झाली, राज्यातल्या एका मंत्र्याने तर त्यांना कॅन्सरची उपमा दिली होती. मेलेला माणूस बाजूला पडला. तेव्हापासून केनियाचा विद्यार्थी असो की युगांडाची नर्स, कमेंटमध्ये सगळे नायजेरियनच. इथे माझं उत्तर छोटं असतं: 'ड्रग्ज पकडले तर त्या माणसाचं नाव लिही, देशाचं का लिहितोस? गेल्या वेळी आपल्या तालुक्यातला पोरगा पकडला तेव्हा तालुक्याचं नाव लिहिलं होतं का?' आणि घरातल्या मोठ्या माणसांना युगांडाची आठवण द्यावी, 1972 मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला त्यात गोंयकारही होते, नोकरी-धंदा आमचा खातात हेच कारण तेव्हाही सांगितलं होतं. आज इंग्लंडमध्ये स्विंडनला आपली किती माणसं पोर्तुगीज पासपोर्टवर राहतात आणि त्यांना तिथे परत जा म्हणणारेही भेटतात. ही उदाहरणं चालतात, फक्त 'आता कसं वाटतं' अशा सुरात टाकू नका, नाहीतर सगळं मुसळ केरात.

आपल्यावरच वेळ येते तेव्हा जरा जास्त डोकं थंड ठेवावं लागतं. 'मराठीवाले सगळे विलीनीकरणवाले, गद्दार' ही कमेंट तर दर वर्षी 16 जानेवारीच्या, म्हंजे जनमत कौलाच्या दिवसाच्या, आसपास पीक आल्यासारखी येते. त्यावर कोंकणीला नावं ठेवली की संपलं, तुम्हीही त्याच रांगेत. आकडा द्या आणि थांबा: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरच्या 1967 च्या जनमत कौलात फुलाला (विलीनीकरणाचं चिन्ह) 1,38,170 मतं पडली, दोन पानांना (वेगळ्या गोव्याचं चिन्ह) 1,72,191. दोन पानं जिंकली, गोवा वेगळा राहिला, ते मान्य आहे आणि चांगलंच झालं असं आज मराठी बोलणारेही कित्येक म्हणतात, पण ते एक लाख अडतीस हजार लोकही इथलेच मतदार होते, पेडण्याचे, डिचोलीचे, सत्तरीचे, बाहेरून आणलेले नव्हते. आणि 1987 च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद आहे. एवढं शांतपणे लिहिलं की खाली वाचणाऱ्याला कळतं कोण ओरडतोय आणि कोण बोलतोय.

खरं तर हे सगळं त्या वाचणाऱ्यासाठीच लिहायचं. ज्याने कमेंट टाकली त्याचं मत रात्री साडेअकराला तुमच्या रिप्लायने बदलणार नाही, ती आशा सोडा. पण त्या पोस्टखाली दोनशे लोक न बोलता स्क्रोल करत असतात, त्यात तो मजूर असतो, त्याची दहावीतली मुलगी असते जी इथेच जन्मली आणि आपल्यापेक्षा चांगली कोंकणी बोलते. तिला निदान एक कमेंट तरी वेगळी दिसली पाहिजे. म्हणून मी दोन रिप्लायच्या वर जात नाही, दुसऱ्यानंतर नोटिफिकेशन बंद.

मग ठराविक पळवाटा येतात. 'जोक होता रे' म्हणाला तर म्हणा 'बरं, मग समजावून सांग यात हसायचं काय होतं', जोक समजावायला लागला की तो आपोआप मरतो. 'माझे पण घाटी मित्र आहेत' म्हणाला तर वाद नको, 'मग त्यांना टॅग कर की' एवढं पुरे. 'आमच्यावर पण अन्याय होतो' म्हणाला तर हो म्हणा, होत असेल, त्याची वेगळी पोस्ट टाक मी सपोर्ट करतो.

ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो स्वतः तिथे असेल तर त्याच्या वतीने भाषण ठोकू नका. आधी मेसेज करून विचारा, 'मी बोलू की तू बोलतोस की सोडून देऊ?' पुष्कळदा माणसाला भाड्याची खोली, नोकरी, मुलांची शाळा सांभाळायची असते, आपल्या शौर्याचा भुर्दंड त्याला पडतो. आणि ती शिवीची कमेंट 'बघा किती वाईट' म्हणून सगळीकडे शेअर करू नका, त्याने शिवीच फिरते. दाखवायचीच असेल तर शिवी आणि नावं झाकून दाखवा.

तुम्ही ग्रुप ॲडमिन असाल तर वाद घालण्यापेक्षा हातात सोपी गोष्ट आहे, व्हॉट्सॲपवर ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, करा आणि एक ओळ टाका की जात, धर्म, राज्य यावरून शिव्या इथे नाहीत. आपल्या पार्टीवाल्याचा मेसेज उडवायचा नाही आणि समोरच्याचा उडवायचा असं केलंत की मात्र ग्रुप फुटलाच म्हणून समजा.

स्क्रीनशॉट कसा घ्यायचा: कमेंट, नाव, तारीख-वेळ आणि वरची पोस्ट एका फ्रेममध्ये, शिवाय प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवायची कारण नाव कधीही बदलता येतं. हे सगळं रिपोर्ट करायच्या आधी, रिपोर्टनंतर कमेंट गेली की पुरावाही गेला.

पोलिसांत कधी जायचं? नुसत्या आगाऊपणाला नाही. आयटी कायद्याचं 66अ कलम सुप्रीम कोर्टाने 2015 मध्येच रद्द केलंय, त्यामुळे 'त्याने मला वाईट वाटेल असं लिहिलं' एवढ्यावर काही होत नाही आणि व्हायलाही नको. पण धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात यावरून दोन गटांत वैर पेटवणारं लिखाण असेल तर 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 196 आहे, त्यात ऑनलाइन लिहिलेलंही येतं आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना 2003 पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, त्यांच्यापैकी कोणाचा जातीवरून जाहीर अपमान झाला असेल तर 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा लागू शकतो, तिथे मात्र आधी वकिलाशी बोला. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते किंवा रायबंदरच्या सायबर पोलीस स्टेशनला जाऊन, आणि जाताना ते स्क्रीनशॉट प्रिंट काढून न्या, फोन पुढे करून 'हे बघा साहेब' म्हणत स्क्रोल करत बसू नका.