ट्रेलरची बॅटरी: निम्मी उरली की थांबा

नवा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतलेली मंडळी आधी सोलरबद्दल विचारतात. मी आधी विचारते, व्होल्टमीटर घेतलात का?

दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हे सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. एसी, मायक्रोवेव्हला १२० व्होल्ट लागतात. ते कॅम्पग्राउंडच्या वीजजोडणीच्या खांबावरून किंवा जनरेटरवरून येतात. अमेरिकेत ३० अँपिअरच्या खांबावर एकूण ३,६०० वॅट मिळतात, म्हणून एसी, मायक्रोवेव्ह आणि हेअर ड्रायर एकदम लावू नका. खांबाला जोडलेले असताना कन्व्हर्टर (१२० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारं उपकरण) बॅटरीही चार्ज करत राहतो, त्यामुळे तिथे काळजी नाही.

काळजी असते ती नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे सरकारी जंगलात, खांब नसताना. साधी लेड-ॲसिड बॅटरी १०० अँपिअर-तासांची (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-तास) असली तरी त्यातले ५०च आपले समजा. निम्म्याखाली वारंवार उतरवली, की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी लवकर जाते. सगळं बंद करून दोन-तीन तासांनी व्होल्टमीटरने मोजा: १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी. तिथे थांबायचं. हीटरचा पंखा साधारण सात अँपिअर खातो. थंडीच्या रात्री आठ तासांतले निम्मे तास फिरला तरी २८ अँपिअर-तास गेले. त्यात इन्व्हर्टरवर ७०० वॅटचा राइस कुकर लावलात तर बॅटरीतून ६५हून जास्त अँपिअर ओढले जातात. भात गॅसवर लावा, तितकाच छान होतो. छतावरच्या सोलर पॅनेलचा उपयोग आहेच, पण पाइनच्या सावलीत गाडी लावलीत तर त्याच्यावर विसंबू नका.

महिन्यातून एकदा लेड-ॲसिड बॅटरीची झाकणं उघडून पाणी बघा. प्लेटा उघड्या दिसल्या तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला. बाकीचं पाणी चार्जिंग झाल्यावर घाला, नाहीतर ॲसिड उतू येतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर झाकणं घट्ट लावून खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा.

इथे मिनेसोटात ट्रेलर हिवाळाभर उभा असतो आणि गॅस डिटेक्टर गुपचूप बॅटरी पीत राहतो. उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पातळ होऊन उणे सात-आठ सेल्सिअसलाच गोठू शकतं, डबा तडकतो. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० अंशांतही तग धरते. म्हणून ऑक्टोबरमध्ये पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह वायर सोडा आणि दर महिन्याला व्होल्टेज बघा. लिथियम बॅटरी असेल तर घरात आणा. शून्याखाली ती कधीही चार्ज करू नका.