गोव्याहून मुंबईला जाताना घर कुठे बघायचं?

गोव्यात घर ते कामाची जागा किती लांब, हे किलोमीटरवर ठरतं. म्हापशाहून पणजीला जायला स्कूटर काढली की झालं. मुंबईत ते लोकलच्या लाइनीवर ठरतं. म्हणून भाड्याचे आकडे बघण्याआधी ऑफिसचा नेमका पत्ता घ्या आणि त्याला कुठलं स्टेशन जवळ पडतं ते शोधा. मुलुंड आणि बोरिवली नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. मुलुंड मध्य रेल्वेवर, बोरिवली पश्चिम रेल्वेवर. लोकलने जायचं तर दादरला गाडी बदलावी लागते. स्वस्त भाड्याला भुलून भलत्याच लाइनीवर घर घेतलं तर पुढचे अकरा महिने रोज त्याची किंमत मोजावी लागते.

ऑफिस लोअर परळला असेल तर पश्चिमेवरचं लोअर परळ आणि मध्यवरचं करी रोड ही दोन्ही स्टेशनं चालत जाण्याजोगी आहेत, त्यामुळे दोन्ही लाइनींवर घर बघता येतं. बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाला, वांद्रे किंवा कुर्ल्याहून शेअर रिक्षा वा बस मिळते. अंधेरीला मध्य रेल्वेकडून यायचं तर घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आहे. ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांसाठी ठाणे-वाशी मार्ग, म्हणजे ठाणे सोयीचं. सकाळी बसायला जागा हवी असेल तर जिथून लोकल सुटते असं स्टेशन निवडा: ठाणे, डोंबिवली, बोरिवली.

आपल्या माणसांसाठी आणखी एक हिशेब. कोकणकन्या आणि मांडवी या गाड्या दादर, ठाणे, पनवेलला थांबतात. चतुर्थीला सामान आणि मुलं घेऊन गावी निघायचं तर ठाणे-पनवेलच्या आसपास राहणाऱ्याचे हाल पुष्कळ कमी होतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि चतुर्थीच्या तारखा पाहता पाहता भरतात.

भाग ठरला तरी लगेच करार करू नका. पहिले पंधरा दिवस नातेवाइकांकडे किंवा पीजीत काढा आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला त्या घरापासून ऑफिसच्या दारापर्यंत एकदा जाऊन बघा. एजंट 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणतो ती बहुतेक वेळा रिक्षाची पाच मिनिटं असतात. आणि शीव-माहीमच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, तिथे टॅक्सी किंवा बस.

घर बघायला गेलात की पाण्यापासून सुरुवात करा. पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळीच येतं, म्हणून त्या वेळी जाऊन नळ सोडून बघा. वरच्या मजल्यावर दाब कमी असतो. टाकी किती वेळ पुरते आणि टँकर मागवावा लागतो का, हे मालकापेक्षा वॉचमन खरं सांगतो. मग ओल बघा: शेवटचा मजला असेल तर छताचे कोपरे, नाहीतर पश्चिमेकडची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत. नुकताच रंग दिलेला असेल तर तिथे हात लावून बघा, फुगलेला पापुद्रा हाताला लगेच कळतो. तळमजला घेत असाल तर जुलैत रस्त्यावर पाणी कुठपर्यंत चढतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा. हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी सबवे ही तुंबणारी ठिकाणं सगळ्यांना ठाऊक आहेत. गल्लीतली ठिकाणं फक्त तिथल्या लोकांना माहीत असतात.

मासे खात असाल तर फोनवरच विचारा. काही मालक आणि सोसायट्या मांसाहारी भाडेकरू घेत नाहीत, आणि टोकन दिल्यावर हे कळलं तर पैसे परत मिळवताना नाकीनऊ येतात.

पैशांचा अंदाज असा धरा: साधारण दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याचं भाडं एजंटला, शिवाय कराराचा खर्च. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाड्याने राहण्याचा करार, महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के, या बेरजेवर ०.२५ टक्के. ३०,००० भाडं, १ लाख डिपॉझिट आणि ११ महिने असतील तर ते साडेआठशेच्या आसपास येतं. वर शहरात १,००० रुपये नोंदणी फी. करारात नोटिशीचा काळ, लॉक-इन (ज्या काळात घर मध्येच सोडता येत नाही) आणि घर सोडताना रंगाचे पैसे कापणार का, हे लिहून घ्या; डिपॉझिटचे वाद तिथेच होतात. 'हेवी डिपॉझिट'वर, म्हणजे काही लाख एकदम देऊन बिनभाड्याने, घर घेऊ नका. मालकाने फ्लॅटवर कर्ज काढून हप्ते थकवले तर बँक घर ताब्यात घेते आणि तुमचे लाख अडकतात. मालकी पडताळायला इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), ताजं वीजबिल आणि सोसायटीची मेंटेनन्सची पावती मागा. डिपॉझिट बँकेतूनच द्या, तेही मालकाच्याच खात्यात.

जीए नंबरची स्कूटर नेणार असाल तर बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिल्यास तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी गोव्याच्या आरटीओची एनओसी लागते, म्हणून मूळ आरसी सोबत ठेवा. सोसायटीत पार्किंग तुमच्या फ्लॅटच्या नावावर आहे का, तेही करारातच येऊ द्या.

किल्ली हातात आली की सामान लावण्याआधी विजेच्या आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग, भिंतींवरचे डाग आणि मालकाने ठेवलेली प्रत्येक वस्तू यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा.