जर्मनमध्ये स्वतःचं शिक्षण कसं सांगावं

बडोद्याच्या दांडिया बाजारातली मुलं मुलाखतीच्या सरावाला माझ्याकडे बसतात, तेव्हा पहिल्याच वाक्याला अडतात. मराठीत आपण शाळेत शिकतो, कॉलेजात शिकतो, पोहायलाही शिकतो. जर्मन माणूस या तिन्हींसाठी वेगळी क्रियापदं वापरतो. पोहणं शिकायचं ते 'लेर्नेन'. 'श्टुडीरेन' मात्र फक्त विद्यापीठाच्या पातळीवरचं. बारावीतल्या मुलीने 'इश श्टुडीरे' म्हटलं, तर ऐकणारा तिला पदवीची विद्यार्थिनी समजतो.

म्हणून आधी शाळा सांगा: 'इश बिन इन बारोडा त्सूर शूले गेगांगेन', म्हणजे मी बडोद्यात शाळेत गेलो. भूतकाळ सांगताना जर्मनमध्ये 'हाबे' किंवा 'बिन' हे साहाय्यक क्रियापद लागतं; जाण्याचं क्रियापद आहे म्हणून इथे 'हाबे' नाही, 'बिन'.

मग पदवी: 'इश हाबे आन डेर एम. एस. युनिव्हर्सिटी माशीनेनबाउ श्टुडीर्ट.' माशीनेनबाउ म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअरिंग. विषयाच्या आधी 'डेर-डी-डास' ही नामाआधी येणारी उपपदं (इंग्रजीतल्या 'द'सारखी) लावू नका. क्रियापदाचं मुख्य रूप शेवटी येतं, आणि हे आपल्याला जड जाऊ नये. मराठी वाक्यही क्रियापदावरच थांबतं.

वर्ष सांगताना इंग्रजीच्या सवयीने 'इन २०२१' म्हणू नका. नुसतं '२०२१' किंवा 'इम यार २०२१'.

काही शब्द हमखास फसवतात. 'होखशूले' हायस्कूल नव्हे, ती उच्च शिक्षणाची संस्था. 'ग्युम्नाझिउम' ही शाळा, तिथे व्यायाम करत नाहीत. 'प्रोमोत्सिओन' म्हणजे पीएच.डी.; नोकरीतल्या बढतीसाठी हा शब्द वापरलात तर मोठाच घोटाळा होईल.

गुणांवर मी सर्वात जास्त वेळ घालवते, कारण तिथे हुशार मुलंही उगाच घाबरतात. जर्मनीत आकडा लहान तितका निकाल चांगला: १,० सर्वोत्तम, ४,० जेमतेम पास. रूपांतराचं प्रचलित सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहापैकी ८.२ असतील आणि उत्तीर्ण व्हायला ४ लागत असतील, तर १.८ भागिले ६, म्हणजे ०.३, त्याचे तीनपट ०.९, अधिक एक, १,९. ते 'आइन्स कोमा नॉयन' असं वाचायचं, टिंबाऐवजी स्वल्पविराम. मूळ ८.२ हा आकडाही सोबत सांगा, आणि तो दहापैकी आहे हेही.