शहरातली लढाई समजायची तर सेक्शन काढा

युद्धाच्या बातम्यांतले लाल-निळे बाण मला कधी पटलेच नाहीत. मी जन्मभर ड्राफ्ट्समनचं काम केलं. प्लॅन म्हणजे इमारत वरून पाहिलेली, सेक्शन म्हणजे तीच उभी चिरलेली. शहरातली लढाई सेक्शनमध्येच उलगडते.

चौकटीचा कागद घ्या. एक सेंटिमीटरला एक मीटर धरून तळमजल्यासकट पाच मजल्यांची इमारत काढा, प्रत्येक मजला तीन मीटर. खाली तळघर, त्याचा झरोका जमिनीलगत. समोर दहा मीटरवर टी-७२ रणगाडा. तोफ जमिनीपासून दीड मीटर उंच धरा. ही तोफ साधारण १४ अंश वर आणि ६ अंश खाली वळते. कोनमापक लावून दोन्ही रेघा मारा. (मी पहिल्यांदा अंदाजाने मारल्या, साफ चुकल्या.) भिंतीवर अर्धा ते चार मीटर एवढाच पट्टा तोफेच्या माऱ्यात येतो. तळघर सुटलं, वरचे तीन मजले सुटले. रणगाडा मागे घेतला की पट्टा वाढतो, पण गल्लीत मागे जागा असते कुठे?

३१ डिसेंबर १९९४ ला रशियन रणगाडे चेचन्याची राजधानी ग्रोझनीत शिरले, तेव्हा चेचेन लढवय्ये नेमके या सुटलेल्या जागांत होते. पुढे रशियनांनी शिल्कासारख्या विमानविरोधी तोफा सोबत घेतल्या. त्यांच्या नळ्या आभाळाकडे वळतात.

आता शेजारी सामाईक भिंतीचं दुसरं घर जोडा आणि रस्त्यावर काट मारा. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या ऑर्तोना गावात कॅनडाचे सैनिक रस्ता टाळून भिंतींना भगदाडं पाडत घराघरातून पुढे सरकले. प्लॅनवर ही वाट दिसतच नाही.

मग खोडरबर घ्या. वरचे दोन मजले पुसा आणि तेवढाच ढिगारा खाली काढा. बॉम्बफेकीने मोकळी जागा मिळेल असं वाटतं. स्टालिनग्राडमध्ये १९४२ साली उलटंच झालं: रणगाड्यांची वाट बुजली, लपायला नव्या सांदी मिळाल्या.

शेवटी तळघरात माणसं काढा, बिनहत्यारी. फेब्रुवारी-मार्च १९४५ मध्ये फिलिपिन्समधल्या मनिलाच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक गेले. ही माणसं काढून झाली की पुन्हा वरच्या मजल्यावरच्या बंदूकवाल्याकडे या, आणि त्याच्यावर कोणतं हत्यार चालवायचं ते ठरवून बघा. माझी पेन्सिल तिथेच थांबते.